मक्याच्या दाण्यात ‘अ’ जीवनसत्त्व वाढवायचंय? पैदासशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

राहुरी, परभणी, अकोला किंवा दापोलीला वनस्पती पैदासशास्त्रात एमएस्सीला प्रवेश मिळतो, गाईड म्हणतात ‘बायोफोर्टिफिकेशनवर (म्हणजे पैदाशीतून पिकाचं पोषणमूल्य वाढवण्यावर) काहीतरी कर’, आणि टेबलावर शोधनिबंधांचा गठ्ठा येऊन पडतो. त्यात क्रोमोसोम, मार्कर, हॅप्लोटाइप, एचपीएलसी सगळं असतं. सोमवारी सकाळी शेतावर जाऊन नेमकं काय करायचं, ते मात्र कुठेच नसतं. या कामातून मी गेलो आहे, म्हणून ते इथे क्रमाने लिहितोय.

त्याआधी एक गोष्ट पक्की बसू द्या. या कामात डोळ्यांवर भिस्त ठेवायची नाही. दाणा गर्द केशरी आहे म्हणून त्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा जास्त, असं नसतं. खालच्या बहुतेक पायऱ्या आणि बहुतेक खड्डे यातूनच निघतात.

१. आधी पीक आणि जीवनसत्त्व ठरवा

‘तृणधान्यांतली जीवनसत्त्वं’ हा प्रबंधाचा विषय होत नाही, त्यात एक अख्खा विभाग मावेल. निवड करताना पहिला प्रश्न विचारा: हे जीवनसत्त्व दाण्याच्या कोणत्या भागात असतं? थायमिन, म्हणजे बी१, मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असतं. भातात ते कितीही वाढवलं तरी पॉलिश करताना बरंचसं गिरणीतच राहतं. ‘ई’ जीवनसत्त्वातले टोकोफेरॉल अंकुरात एकवटलेले असतात. कॅरोटिनॉइड्स मात्र मक्याच्या भ्रूणपोषात, म्हणजे दाण्याच्या पिठूळ आणि कठीण भागात असतात. साल गेली तरी ते पिठात उतरतात.

भाताच्या भ्रूणपोषात कॅरोटिनॉइड तयारच होत नाहीत. म्हणून गोल्डन राइससाठी बाहेरून जनुकं घालावी लागली. २००० साली डॅफोडिल या फुलझाडाचं आणि एका जिवाणूचं जनुक वापरलं गेलं. २००५ मध्ये डॅफोडिलच्या जागी मक्याचं जनुक घातल्यावर दाण्यातले कॅरोटिनॉइड्स ग्रॅमला ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. काम मोठं आहे, पण ते जनुकीय परिवर्तित पिकात मोडतं. म्हणजे पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांची परवानगी, संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि तिच्यावरच्या समित्या. दोन वर्षांच्या पदवीत हे झेपत नाही. गव्हाचा पिवळेपणा बहुतांशी ल्युटिनचा असतो आणि ल्युटिनपासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व बनत नाही.

मक्यात हवी ती विविधता पिकातच आहे, जनुकं माहीत आहेत, आणि मुख्य मार्कर (जनुकाचं कोणतं रूप आहे ते दाखवणारी डीएनएतली खूण) साध्या ॲगरोज जेलवर दिसतो. माझा सल्ला सरळ आहे: मका घ्या, आणि प्रोव्हिटॅमिन-अ घ्या. (दाण्यात ‘अ’ जीवनसत्त्व नसतं, त्याचं पूर्वरूप असतं. शरीर त्यापासून जीवनसत्त्व बनवतं. सेमिनारमध्ये पहिला प्रश्न हमखास यावरच येतो.)

२. वाट समजून घ्या, मग जनुकांची नावं पाठ करा

कॅरोटिनॉइड बनण्याची प्रक्रिया शेतातल्या पाटासारखी समजा. वर पाणी सोडणारं दार म्हणजे वाय१ हे जनुक, सहाव्या क्रोमोसोमवरचं. ते बंद असेल तर खाली काहीच येत नाही आणि दाणा पांढरा राहतो. दार उघडं असेल तर पाणी लायकोपीनपर्यंत येतं आणि तिथे पाट फुटतो. एक फाटा अल्फा-कॅरोटिनकडून ल्युटिनकडे जातो, दुसरा बीटा-कॅरोटिनकडे. कोणत्या फाट्याला किती पाणी जायचं, त्यात आठव्या क्रोमोसोमवरच्या एलसीवाय-ई जनुकाचा मोठा हात असतो. बीटाच्या फाट्यावर पुढे दहाव्या क्रोमोसोमवरचं सीआरटीआरबी१ बसलेलं आहे. ते बीटा-कॅरोटिनचं आधी बीटा-क्रिप्टोझँथिन आणि मग झियाझँथिन करून टाकतं.

आपल्याला बीटा-कॅरोटिन साठवायचं आहे. म्हणजे सीआरटीआरबी१ चांगलं चालणारं नको, मंद चालणारं हवं. नव्या मुलांचा गोंधळ इथेच होतो. ‘अनुकूल ॲलील’ (ॲलील म्हणजे जनुकाचं एक रूप) म्हटलं की काहीतरी जोरदार काम करणारं जनुक डोळ्यांसमोर येतं. इथे अनुकूल म्हणजे आळशी. आणि आळशी ॲलीलच्या शेजारी एक जरी कष्टाळू ॲलील बसलं, तरी ते बीटा-कॅरोटिन पुढे ढकलत राहतं. म्हणून हा गुण अप्रभावी रीतीने वागतो आणि दोन्ही प्रती अनुकूल असल्याशिवाय पुरा फायदा मिळत नाही.

रंग का फसवतो, तेही इथेच कळतं. झियाझँथिन आणि ल्युटिन दोन्ही रंग देतात, जीवनसत्त्व देत नाहीत. साध्या पिवळ्या मक्यात प्रोव्हिटॅमिन-अ साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम असतं, बाकीचा पिवळेपणा या दोघांचा.

एलसीवाय-ईवरचा महत्त्वाचा निबंध २००८चा आहे, सीआरटीआरबी१वरचा २०१०चा. दोन्ही मुळातून वाचा. काही निबंधांत सीआरटीआरबी१चं नाव एचवायडी३ असं येतं. जनुक तेच. दोन्हींपैकी परिणाम सीआरटीआरबी१चा जास्त, म्हणून वेळ कमी असेल तर तेवढंच घ्या.

३. कागदपत्रं आणि सामान आधीच जमवा

कागदपत्रं:
– सल्लागार समितीने मंजूर केलेला सिनॉप्सिस
– दात्या (ज्यातून गुण घ्यायचा त्या) वाणाचं बियाणं ज्या संस्थेकडून घ्याल तिच्याशी सामग्री हस्तांतरण करार. सिमिटसारख्या (मका-गहू संशोधनाच्या) आंतरराष्ट्रीय केंद्राकडून घेतलं तर प्रमाणित करारनामा
– बियाणं परदेशातून येणार असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचा आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. त्यानंतर विलगीकरण तपासणी
– वंशावळीची नोंदवही. लॅपटॉपवर असतेच, तरी कागदावरही ठेवा

आयात टाळता आली तर टाळा. देशातल्या संस्थांकडे अनुकूल ॲलील असलेल्या इनब्रेड (पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीभवन करून स्थिर केलेल्या ओळी) आहेत. गाईडच्या सहीचं पत्र तिकडे गेलं तर एक हंगाम वाचू शकतो.

शेतावरचं सामान: कणसासाठी बटर पेपरच्या छोट्या पिशव्या, तुऱ्यासाठी मोठ्या कागदी पिशव्या, यू-क्लिपा किंवा स्टेपलर, पावसात न पुसणारं मार्कर पेन, टॅग. प्रयोगशाळेत: सीटॅब पद्धतीने डीएनए काढण्याची रसायनं, डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणारं पीसीआर मशीन, ॲगरोज जेलची सोय, आणि सी-३० कॉलम असलेलं एचपीएलसी (अर्कातले घटक सुटे करून मोजणारं यंत्र). शेवटचं तुमच्या विभागात नसेल तर कुठे आहे ते पहिल्याच सत्रात शोधा. पेरणीनंतर शोधायला निघालात तर दाणे फ्रीजमध्ये वाट बघत बसतात.

४. पालक निवडताना

दाता म्हणजे अनुकूल ॲलील दोन्ही प्रतींत असलेली इनब्रेड. ग्राही म्हणजे तुमच्याकडची चांगली, उत्पादन देणारी इनब्रेड, जिच्यात हा गुण घालायचा आहे. इथे तीन खड्डे आहेत.

पहिला: ग्राही पांढरी असणं. वरचं दार बंद असताना खालचा फाटा वळवून उपयोग नाही. पांढरा मका घ्यायचा असेल तर वाय१चं प्रभावी ॲलीलही आणावं लागतं, आणि मग मका पिवळा होणारच. लोकांना पांढराच हवा असेल तर? झांबियात हाच पेच होता. तिथे रोजचं अन्न पांढऱ्या मक्याचं. २०१२ साली जीवनसत्त्वयुक्त वाण आले तेव्हा त्यांची ओळख ‘केशरी मका’ अशी करून दिली गेली, म्हणजे जनावरांचा समजल्या जाणाऱ्या पिवळ्या मक्यापासून तो वेगळा दिसावा. आपल्याकडे बराचसा मका कोंबडीखाद्यात आणि स्टार्च कारखान्यांत जातो. पण नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात आणि मेळघाटात मक्याची भाकरी खाल्ली जाते. तिथे काम नेणार असाल तर दाण्याच्या रंगाबद्दल घरातल्या बाईला आधी विचारा, मग क्रॉस करा.

दुसरा: संकरित वाणाचा एकच पालक सुधारणं. गुण अप्रभावी असल्याने दोन्ही पालकांत अनुकूल ॲलील हवं. एकच पालक सुधारलात तर संकरित वाणात फरक जवळपास दिसणार नाही.

तिसरा: दाता आणि ग्राही मार्करवर सारखेच निघणं. क्रॉस करण्याआधी दोघांचा जेल काढा. बँड एकच आला तर ती जोडी सोडून द्या.

५. किती झाडं लावायची, याचं गणित

वेळापत्रक साधारण असं: पहिल्या हंगामात दाता आणि ग्राहीचा क्रॉस करून एफ१, म्हणजे पहिली संकरित पिढी. मग ग्राहीशी पुन्हा क्रॉस, म्हणजे बॅकक्रॉस, असा दोनदा. बीसी१मध्ये ग्राहीचा सरासरी ७५ टक्के जीनोम परत येतो, बीसी२मध्ये ८७.५ टक्के. मग स्वपरागीभवन करून बीसी२एफ२, आणि त्यातून दोन्ही प्रती अनुकूल असलेली झाडं निवडायची. खरीप आणि रब्बी दोन्ही हंगाम वापरले तरी हे एमएस्सीच्या चार सत्रांत बसत नाही. पूर्ण बॅकक्रॉस कार्यक्रम पीएचडीचा विषय आहे. एमएस्सीला विभागाच्या इनब्रेडचा मार्करने धांडोळा घ्या आणि निवडक वाणांचं एचपीएलसी करा, किंवा आधीच्या विद्यार्थ्याने तयार केलेली पिढी पुढे न्या. गाईड उत्साही असतील तरी हे त्यांना नम्रपणे सांगा.

मार्करचा मोठा फायदा बॅकक्रॉसमध्ये दिसतो. अप्रभावी गुण विषमयुग्मी (एक प्रत अनुकूल, एक प्रतिकूल) झाडात दिसत नाही, त्यामुळे पूर्वी दर पिढीनंतर सेल्फिंग, म्हणजे स्वपरागीभवन, करून बघावं लागे. मार्करने विषमयुग्मी झाड रोपावस्थेतच ओळखू येतं आणि ती जादा पिढी वाचते.

आता संख्या. बीसी२एफ२मध्ये एका जनुकासाठी हवं ते झाड चारात एक, दोन जनुकांसाठी सोळात एक, तिघांसाठी चौसष्टात एक. पण सोळा झाडं लावली की एक मिळेलच असं नाही. ९५ टक्के खात्रीने निदान एक झाड मिळायला दोन जनुकांसाठी ४७ झाडं लागतात आणि तिघांसाठी १९१. हे फक्त एका झाडाचं झालं. तुम्हाला त्यातून उंची, फुलोरा, कणीस बघून निवड करायची असते. शिवाय सीआरटीआरबी१च्या काही संततींत १:२:१ हे प्रमाण पाळलं जात नाही, असं प्रसिद्ध निबंधांतच नोंदलेलं आहे. म्हणून हिशेबाच्या दुप्पट पेरा, आणि काय-वर्ग चाचणी (मिळालेलं प्रमाण अपेक्षेपासून किती हटलं ते सांगणारी) ५.९९च्या वर गेली तर घाबरू नका. तो आकडा प्रबंधात लिहा, लपवू नका.

६. पान, डीएनए, जेल

रोपं लहान असतानाच कोवळं पान घ्या. फुलोऱ्याच्या आत निकाल हातात पाहिजे, कारण कोणत्या झाडावर पिशवी चढवायची ते त्यावरून ठरतं. टॅग झाडाला आणि तोच क्रमांक नळीला. मधे कोणतीही ‘तात्पुरती’ क्रमवारी नको.

सीआरटीआरबी१च्या ३-प्राइम टोकाकडच्या मार्करमध्ये अनुकूल ॲलीलचा बँड ५४३ बेसचा येतो, प्रतिकूलचा २९६चा. दोन्ही दिसले तर झाड विषमयुग्मी. फरक एवढा मोठा आहे की महागडी यंत्रं लागत नाहीत. एकच सावधगिरी: पीसीआरमध्ये लहान तुकडा जास्त जोमाने वाढतो. विषमयुग्मी झाडात ५४३चा बँड फिका पडला तर तुम्ही ते झाड प्रतिकूल समजून उपटून टाकाल. त्यासाठी प्रत्येक जेलवर दाता, ग्राही आणि एफ१ असे तीन नमुने चालवा. एफ१ची रेष कशी दिसते त्यावरून बाकीच्यांचा निकाल द्या. शंका आली तर पीसीआर पुन्हा करा, डीएनए पुन्हा काढा, पण अंदाजाने खूण करू नका.

निवडलेल्या झाडांवर मग बाकीच्या क्रोमोसोमवरचे एसएसआर (डीएनएतल्या पुनरावृत्त तुकड्यांचे) मार्कर चालवून ग्राहीचा जीनोम किती परत आला ते बघतात. हे काम कंटाळवाणं आहे. सगळ्या झाडांवर करू नका, पहिल्या चाळणीतून उतरलेल्यांवरच करा.

७. परागीभवन: इथे आळस चालत नाही

मक्याचा भ्रूणपोष त्रिगुणित असतो. दोन मात्रा आईच्या, एक परागकणाची. म्हणजे शेजारच्या ओळीतून उडून आलेला पराग त्याच वर्षी, त्याच दाण्यात आपला परिणाम दाखवतो. पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचा पराग पडला की त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात, ते यामुळे. ही भेसळ निदान दिसते तरी. सीआरटीआरबी१ची भेसळ दिसत नाही. दाणा पिवळाच, कणीस छानच, आणि एचपीएलसीचा आकडा मात्र खाली आलेला.

म्हणून विश्लेषणाला जाणारं प्रत्येक कणीस हाताने सेल्फ केलेलं किंवा सख्ख्या झाडाच्या परागाने भरलेलं असलं पाहिजे. कणसाचे केस बाहेर येण्याआधीच त्यावर बटर पेपरची पिशवी चढवा. केस दिसले तर ते कणीस त्या कामातून बाद. आदल्या दिवशी तुऱ्यावर पिशवी बांधा, म्हणजे बाहेरून आलेला पराग रात्रभरात निकामी होतो. सकाळी दव उडाल्यावर पराग झटकून घ्या, केसांवर टाका, पिशवी पुन्हा लावा, तारीख लिहा. शनिवार-रविवार असो, सण असो, फुलोरा थांबत नाही. त्या पंधरवड्यात घरी जाण्याचं तिकीट काढू नका.

मोकळ्या परागीभवनाच्या कणसातले दाणे तपासून ‘जीवनसत्त्व कमी निघालं’ असा निष्कर्ष काढलेला दिसतो. तो निष्कर्ष वाणाचा नसतो, शेजारच्या प्लॉटचा असतो.

८. कापणी ते एचपीएलसी

कॅरोटिनॉइडचे शत्रू तीन: उजेड, उष्णता, हवा. कणसं सावलीत वाळवा, खळ्यावर उन्हात नको. मधल्या भागातले दाणे घ्या, टोकाचे आणि बुडाचे सोडा. काळ्या किंवा फॉइल गुंडाळलेल्या डब्यात, उणे २० अंशांवर किंवा त्याहून खाली ठेवा. दळण विश्लेषणाच्या अगदी आधी करा. पीठ झाल्यावर ऱ्हास वेगाने होतो.

अर्कासाठीची रूढ पद्धत थोडक्यात: सुमारे ०.६ ग्रॅम पीठ, बीएचटी हे अँटिऑक्सिडंट घातलेलं इथेनॉल, ८५ अंशांचं पाणी, मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडने तेलाचं साबणीकरण, हेक्झेनने कॅरोटिनॉइड वेगळे करणं, नायट्रोजनखाली सुकवणं. हे सगळं पिवळ्या दिव्याखाली. नायट्रोजनचा सिलिंडर संपला म्हणून हवेत सुकवायला ठेवू नका. त्या दिवशी काम बंद ठेवलेलं बरं. सी-१८ कॉलमवर ल्युटिन आणि झियाझँथिन नीट सुटे होत नाहीत, म्हणून सी-३० मागा. वाचन ४५० नॅनोमीटरवर.

प्रत्येक नमुन्याच्या दोन स्वतंत्र अर्कांचं वाचन घ्या. खर्च वाढतो म्हणून मार्करने आधी चाळून मोजकेच वाण इथे आणायचे.

९. आकडा कसा मांडायचा

प्रोव्हिटॅमिन-अ म्हणजे एकूण कॅरोटिनॉइड नव्हे. सूत्र असं: बीटा-कॅरोटिन पूर्ण, अधिक बीटा-क्रिप्टोझँथिनचं निम्मं, अधिक अल्फा-कॅरोटिनचं निम्मं. समजा बीटा-कॅरोटिन ७.२, बीटा-क्रिप्टोझँथिन २.० आणि अल्फा-कॅरोटिन ०.४ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम आलं, तर बेरीज ७.२ + १.० + ०.२, म्हणजे ८.४. ल्युटिन आणि झियाझँथिन तक्त्यात दाखवा, बेरजेत धरू नका.

तुलनेसाठी दोन खुणा लक्षात ठेवा. जागतिक बायोफोर्टिफिकेशन कार्यक्रमाचं मक्यासाठीचं लक्ष्य १५ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम आहे. भारतात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने मार्करच्या मदतीने तयार केलेला ‘पुसा विवेक क्यूपीएम ९ इम्प्रूव्ह्ड’ हा संकरित वाण २०१७ मध्ये प्रसारित झाला. त्याचं प्रोव्हिटॅमिन-अ ८.१५ पीपीएम आहे. पीपीएम आणि मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम एकच, गोंधळू नका. तुमचा आकडा २०च्या वर आला तर आनंद करण्याआधी स्टँडर्डचा वक्र पुन्हा तपासा.

तक्त्याखाली या नोंदी नसतील तर आकड्याला अर्थ नाही: कोरड्या वजनावर की ओल्या, हंगाम आणि ठिकाण, कापणीनंतर किती दिवसांनी विश्लेषण, आणि तोवर साठवण कशी. साठवणीत पहिल्या काही महिन्यांतच प्रोव्हिटॅमिन-अ झपाट्याने घटतं. खरिपाचा जुना नमुना आणि रब्बीचा ताजा नमुना एका तक्त्यात शेजारी ठेवले, तर तुम्ही वाणांची नाही, त्यांच्या वयाची तुलना करताय.

१०. पुढे काय जोडता येईल

पीएचडीला गेलात तर त्याच इनब्रेडमध्ये ओपेक-२ आणि व्हीटीई४ ही आणखी दोन जनुकं आणता येतात. ओपेक-२ सातव्या क्रोमोसोमवर आहे. त्याच्या अप्रभावी ॲलीलने लायसिन आणि ट्रिप्टोफॅन वाढतं, हे १९६४पासून माहीत आहे. पण दाणा मऊ आणि खडूसारखा होतो, म्हणून कठीणपणा परत आणणाऱ्या सुधारक जनुकांसाठी लाइट बॉक्सवर दाणे धरून वेगळी निवड करावी लागते. व्हीटीई४ पाचव्या क्रोमोसोमवर आहे. त्याचं अनुकूल रूप दोन ठिकाणांच्या ७ आणि ११८ बेसच्या तुकड्यांवरून ओळखतात. ते गॅमा-टोकोफेरॉलचं अल्फामध्ये रूपांतर वाढवतं, आणि ‘ई’ जीवनसत्त्व म्हणून शरीर अल्फाच जास्त वापरतं.

तिन्ही जनुकं एकत्र घेतली की वरचा १९१चा आकडा लागू होतो, आणि दुप्पट पेरायचं म्हटलं तर जवळजवळ ४०० झाडं. एवढ्या झाडांची पानं, जेल आणि पिशव्या एकट्याने होत नाहीत. पेरणीआधी दोन ज्युनिअर आणि शेतावरचे अनुभवी मजूर यांच्याशी बोलून ठेवा, आणि फुलोऱ्याच्या तारखा त्यांच्या समोरच कॅलेंडरवर लिहा.